माझ्याकडे तर दिसतंय

मॉनिटरच्या वरच्या कडेला दोन बोटं लावायची, त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे वळवायचं, खुर्ची मागे रेटायची आणि म्हणायचं, "माझ्याकडे तर दिसतंय." आमच्या सरांनी दुसरं कुठलं काम एवढ्या सफाईने केल्याचं मला आठवत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एक जण असणार. भाजी खारट झाली तर तुमची जीभ बिघडलेली, गाडी पंक्चर झाली तर रस्ता नालायक. आमचे सर त्या पंथाचे. सगळे त्यांना सर म्हणायचे म्हणून त्यांनी कुणाला काही शिकवलं होतं असं समजू नका. त्या काळी नाशकात कॉम्प्युटरसमोर जो बसला तो सर झाला. एवढ्या स्वस्तात मान मिळाला की माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं.

शालिमारच्या मागच्या गल्लीत त्यांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, कुस्त्यांच्या दंगलीची हँडबिलं. मी तिथे टायपिंगला. माझं घर मखमलाबादला, घरचा भाजीचा मळा. सकाळी गिलकी-दोडकी तोडून बाजाराच्या गाडीत घालायची आणि अंघोळ करून सिटी बसने दुकान गाठायचं. कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला दुकानातल्या कामापेक्षा जास्त अक्कल लागायची, हे मी तेव्हाही तोंडावर म्हणायचे.

नव्वदचं दशक संपता संपता सरांनी बोर्डाखाली आणखी दोन शब्द रंगवून घेतले, 'वेब डिझायनिंग'. पेंटरला जागा पुरली नाही, त्याने 'निंग' खालच्या ओळीत टाकलं. गल्लीतले लोक कित्येक दिवस मला विचारायचे, "ताई, हे निंग काय असतं?" मी सांगायचे, सरांनाच विचारा, मलाही कळलेलं नाही.

आता ही फॉन्टची भानगड थोडी सांगावी लागेल. कंटाळू नका, मी तर त्यात अर्धं तारुण्य घालवलंय. तेव्हाचे आमचे मराठी फॉन्ट म्हणजे निव्वळ सोंग. कॉम्प्युटरच्या पोटात साठवलेलं असायचं इंग्रजी 'के', आणि फॉन्ट त्या जागी 'क'चं चित्र दाखवायचा. ज्याच्या मशिनमध्ये तो फॉन्ट नाही त्याच्यासमोर सोंग उतरायचं आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. पत्रिका छापून देत होतो तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. कागद काही फॉन्ट मागत नाही. वेबसाइट मात्र दुसऱ्याच्या मशिनवर उघडते.

वेबसाइटची पानं आपल्याला उघडून दाखवतो तो प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर. त्याला फॉन्ट सांगायची पद्धत अगदी वाण्याच्या चिठ्ठीसारखी असते. अमुक छापाचा चहा द्या, तो नसेल तर तमुक छापाचा, तोही नसेल तर कुठलाही द्या. हे शेवटचं 'कुठलाही' म्हणजे फॉन्टचं घराणं. सेरिफ, सॅन्स-सेरिफ, कर्सिव्ह, फॅन्टसी, मोनोस्पेस अशी पाच घराणी. त्या घराण्यातला नेमका कुठला फॉन्ट काढायचा हे पान लिहिणारा ठरवत नाही. ज्याच्याकडे पान उघडलं, त्याचा ब्राउझर आपल्या सेटिंगप्रमाणे ठरवतो.

सरांच्या चिठ्ठीत वरच्या ओळी नसायच्याच! फॉन्टचं नाव नाही, गाव नाही, सरळ 'कर्सिव्ह' लिहून मोकळे. का, तर म्हणे नाव भारदस्त आहे.

मग त्यांच्या पडद्यावर मराठी कसं दिसायचं? ते जेवायला घरी गेले असताना मी एकदा शोधून काढलं. या महापुरुषाने आपल्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाचही घराण्यांसमोर एकच फॉन्ट लावून ठेवला होता, आमचा लग्नपत्रिकेचा. म्हणजे स्वतःच्या वाण्याच्या कानात सांगून ठेवलेलं, की मी काहीही मागितलं तरी हाच चहा दे. आणि बाकीच्या गावाला नुसती 'कुठलाही'ची चिठ्ठी.

त्यात आणखी एक गंमत होती. इंग्रजीतल्या ज्या साइटने स्वतःचा फॉन्ट नाव घेऊन सांगितलेला नसेल, ती सरांकडे लग्नपत्रिकेच्या वळणदार अक्षरात उघडायची. 'ढघ्र खपिट्टा णझ' असलं काहीतरी बोबडं. सर ते मन लावून बघायचे आणि मान हलवायचे.

"बघा ताई, एवढी मोठी अमेरिका, पण शुद्धलेखनाच्या नावाने बोंब."

"सर, ते इंग्रजी आहे. तुम्ही सेटिंग बदललंय म्हणून असं दिसतंय. आणि आपलं मराठी फक्त तुमच्याकडेच दिसतंय, तेही त्याच्यामुळेच."

"सेटिंग नाही बदललेलं. इंटरनेटमध्ये मराठी टाकलंय मी."

"इंटरनेटमध्ये नाही हो सर, या डब्यात!"

"ताई, तुम्ही टायपिंग करा."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार. त्यांचा पुतण्या हॉलंडला होता. साइट सुरू झाली आणि दोन-चार दिवसांत ते तावातावाने दुकानात हजर.

"सर, पुतण्याचा फोन आल्ता. काहीच वाचता येत नाय म्हणतो. कीबोर्डावर मांजर चाललं का काय, असं इचारतो."

सरांची दोन बोटं मॉनिटरला लागली. मॉनिटर वळला. खुर्ची मागे गेली. "माझ्याकडे तर दिसतंय."

"तुमच्याकडं दिसून काय करू? माझी द्राक्षं तुम्ही घेनार हाय का?"

"पुतण्याला म्हणावं मशिन तपासून घे. व्हायरस असेल."

बागायतदार माझ्याकडे बघायला लागले. मी कीबोर्डात तोंड खुपसलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. असे किती लोक आले आणि चरफडत गेले. कुणाचं मशिन जुनं, कुणाची टेलिफोनची लाइन खराब, कुणाचा चष्म्याचा नंबर वाढलेला. सर जागचे हलले नाहीत. निगरगट्ट म्हणतात तो हा.

मग सिंहस्थ आला. सरांच्या एका मित्राच्या मंडळाने पंचवटीत हरवलेल्या माणसांसाठी मांडव टाकला. भोंग्यावर नाव पुकारायचं, की तासा-दोन तासांत घरचे धावत यायचे. सरळ काम. पण सरळ काम सरांच्या डोळ्यात खुपतं. त्यांनी मित्राला गाठलं. "आता भोंगा जुना झाला. मी वेबसाइट करून देतो. जगात कुठेही बसून आपला माणूस शोधा." मित्र बिचारा भुलला.

मी म्हटलं, निदान फोटो तरी टाका. तर म्हणे, फोटोने पान जड होतं.

पर्वण्या झाल्या, गर्दी ओसरली, सगळ्यांची माणसं सापडली. उरल्या एकट्या ठगूबाई. हिरवं चौकड्यांचं लुगडं, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, डाव्या हातावर गोंदलेलं नाव, दगडू.

"दगडू कोण, आजी?"

"मना भाऊ."

"गाव कोणतं?"

"पिंपळगाव."

आता आपल्याकडे पिंपळगावं किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. पोलिसांनी वायरलेसवर विचारलं, सगळीकडून नकार आला. सासरचं गाव विचारलं की आजी पदर तोंडाला लावून हसायच्या. ते नावच डोक्यातून पुसलं गेलं होतं. नवऱ्याचं नाव त्या घेणार नाहीत, आणि मुलाला त्या नुसतं 'आंडोर' म्हणायच्या. आंडोर म्हणजे मुलगा, एवढं मला कळत होतं. त्यावरून शोधायचं तरी कसं?

रोज सकाळी वेणीफणी करून, पिशवी काखेत मारून त्या मांडवाच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माले घर जानं शे." मी दुकानात जाताना त्यांना भाकरी आणि गिलक्याची भाजी द्यायचे. ती त्या उभ्यानेच खायच्या, कारण बसलं आणि तेवढ्यात आंडोर येऊन गेला तर?

मंडळ आता मांडव उतरवणार होतं. त्यानंतर त्यांची रवानगी निराधारांच्या आश्रमात व्हायची होती. तिथे एकदा गेलेलं म्हातारं माणूस किती वेळा घरी परततं, हे मला कुणी शिकवू नये. 

सर मांडवात आले की आजी विचारायच्या, "भाऊ, मनं नाव धाडं का?"

"जगभर धाडलंय, आजी," सर सांगायचे. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून मला असा संताप यायचा की काय सांगू! मेल्याने जगभर चिवडा धाडला होता आणि आजी त्याच्या भरवशावर उभ्या होत्या. साइटचा पासवर्डही त्यांच्याजवळच, नाहीतर मीच काहीतरी केलं असतं.

शेवटी मी थाप मारली. म्हटलं, कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेवाल्याला साइट करून घ्यायची आहे, तुम्हाला बोलावलंय. सर केस विंचरून निघाले. तिथे मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मंडळाची साइट उघडली.

कर्सिव्ह मागितल्यावर त्या मशिनने आपल्याकडचं त्या घराण्यातलं जे होतं ते काढून दिलं होतं. बालवाडीच्या भिंतीवर असतात तसली गोल गोल इंग्रजी अक्षरं, आणि त्यात सगळा चिवडा.

"रिफ्रेश करा," सर म्हणाले. केलं. तेच.

"ते पलीकडचं मशिन उघडा." उघडलं. तेच. त्याच्या पलीकडचं. तेच. आता व्हायरस म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते. सर पडद्याजवळ वाकले. त्यांनी विचारलं, "यात आजींचं नाव कुठंय?"

इतकी वर्षं तीच बटणं बडवल्यावर मला तो चिवडा वाचता यायचा. मी बोट ठेवून दाखवलं. एक कंस, एक मोठा जी, पुढे दोन ए. सरांनीही काचेवर बोट ठेवलं.

"ही ठगूबाई?"

"हो सर."

"हे कोण वाचणार?"

"मी. मी टायपिंग करते ना."

लागायचं तिथे लागलं. परत येताना सर झपाझप पुढे चालत होते. मी मागून रस्ताभर बोलत होते. नाव इंग्रजीत लिहू, नाहीतर मजकुराचं चित्र करून टाकू, चित्राला फॉन्ट लागत नाही. दुकानात शिरल्या शिरल्या सर टेबलाखाली वाकले आणि वायरी उपटायला लागले. मला वाटलं, आता दुकानच बंद करतात की काय.

"सर, काय चाललंय?"

"माझ्याकडे दिसतं ना? मग माझंच घेऊन जाऊ."

"कुठे?"

"आजी 'आहे'ला 'शे' म्हणतात. म्हणजे सटाण्याकडच्या. उद्या तिकडे बाजार आहे."

मी कपाळावर हात मारला. "अहो सर, एक प्रिंट काढा! पिशवीत घालून नेऊ!"

"कागदाकडे कोण बघतं, ताई? कॉम्प्युटर बघायला गाव लोटेल."

एवढा मठ्ठ माणूस मी आजवर बघितलेला नाही. आजींनाच घेऊन जाऊ म्हटलं, तर पोलिसांनी नातेवाईक आल्याशिवाय त्यांना हलवायचं नाही असं बजावलेलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या एसटीत सरांच्या मांडीवर सतरंजीत गुंडाळलेला मॉनिटर, पायाशी सीपीयू आणि माझ्या मांडीवर कीबोर्ड. कंडक्टर आला आणि आमच्याकडे बघतच राहिला.

"हे लगेज टपावर टाका."

"टपावर?" सर भडकले. "यात आजी आहेत!"

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"मंग आजीचं तिकीट काढा," तो म्हणाला, आणि काढायला लावलंही.

बाजाराच्या तोंडाशी एका चहाच्या हॉटेलात टेबल मिळालं. मालकाने कोल्ड्रिंकच्या फ्रीजची पिन काढून आमची लावू दिली. इंटरनेट नव्हतंच, पान सरांच्या हार्डडिस्कवर होतं. जगभर पोचलेली ती वेबसाइट मुळात तिथेच राहत होती. मशिन चालू झालं आणि लोडशेडिंगची वेळ झाली. पडदा काळा. सर काळ्या पडद्याशेजारी उभे राहून लोकांना सांगत होते, "थांबा, दिसेल. माझ्याकडे दिसतं." मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

पण गर्दी जमली हो! हे मान्य करताना आजही माझी जीभ जड होते. शेळ्यांवाले आले, कांद्यावाले आले, कुंकवाची पाटी डोक्यावर घेऊन एक बाई आली. लाइट आल्यावर पडद्यावर ती वळणदार अक्षरं उमटली. सर पुन्हा पुन्हा विचारायला लागले, "दिसतंय ना? सगळ्यांना दिसतंय ना?"

"दिसस ते," मागून एक जण म्हणाला, "पन काय शे हाई?"

तेव्हा मी बाकावर चढले आणि वाचायला लागले. आमच्या घराण्याला बाजारात ओरडायची सवय आहे. नाव ठगूबाई, लुगडं हिरवं, हनुवटीवर तीन ठिपके, गाव पिंपळगाव, डाव्या हातावर गोंदलेलं दगडू.

बांगड्यांची टोपली खाली ठेवून एक बाई गर्दीतून घुसत पुढे आली. "दगडू? पिंपळगावना दगडू? तो ते मना मामा शे!" मग तिने माझा हात इतका घट्ट धरला की दुखायला लागला. "ठगूमावशी शे ती! मनी मावशी!"

पिंपळगाव हे आजींचं माहेर निघालं. सासर सटाण्याच्या पलीकडचं एक खेडं, आणि आंडोर तिकडे त्र्यंबकला फोटो घेऊन धर्मशाळा पालथ्या घालत होता. हॉटेलवाल्याच्या फोनवरून सगळीकडे निरोप गेले. सर त्या गडबडीत मॉनिटरची काच रुमालाने पुसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी नेहमीसारख्या पिशवी घेऊन उभ्या होत्या. मुलगा समोरून आला. चांगला बापया माणूस, पण त्यांना बघितल्यावर त्याला पाऊल टाकवेना. आजी त्याला म्हणाल्या, "इतला उशीर का रे?" आणि पिशवी त्याच्या हातात दिली. मी तिथेच रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

सर तिकडे मित्राला सांगत होते, "बघ, वेबसाइटमुळे सापडल्या." मी काही बोलणार तेवढ्यात आजी त्यांच्याकडे गेल्या. त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "तू धाडं मनं नाव," म्हणाल्या. सर वाकून त्यांच्या पाया पडले. तेवढं एकदाच.

सुधारले असतील असं वाटतंय तुम्हाला? छे! आठवड्याभरात बोर्डावर 'निंग'च्या खाली आणखी एक ओळ आली, 'हरवलेल्या व्यक्ती शोधून मिळतील'. 'कर्सिव्ह' तसंच राहिलं. पुढे युनिकोड आलं, मराठी खरोखर मराठी म्हणून साठवलं जाऊ लागलं आणि कुठलाही ब्राउझर आपण होऊन ती अक्षरं असलेला फॉन्ट हुडकू लागला. सर म्हणाले, "हे टिकणार नाही." टिकलं नाही ते दुकान. मी तोवर अंबडच्या एका कंपनीत लागले होते. सर वारल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेले तर वहिनी म्हणाल्या, मशिन सुरूच होत नव्हतं, भंगारवाल्याला दिलं.

घरी आल्यावर मी मंडळाची साइट उघडली. बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं, ती होती. बालवाडीची अक्षरं आणि चिवडा. माझीही सवय गेलेली, नाव सापडेना. जुन्या सीडीत तो लग्नपत्रिकेचा फॉन्ट मिळाला. तो टाकला, सेटिंगमध्ये गेले आणि पाचही घराण्यांसमोर तोच लावला.

पान लख्ख उभं राहिलं. ठगूबाई, हिरवं लुगडं, दगडू. खाली ओळ, 'नातेवाइकांनी त्वरित संपर्क साधावा.' त्या कर्मदरिद्री माणसाने एवढंही बदललं नव्हतं. आजी कधीच घरी गेल्या, आणि इथे अजून पिशवी घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभ्याच.

सेटिंग परत करायचं राहून गेलं. थोड्या वेळाने माझी मुलगी कॉलेजचं काहीतरी बघायला बसली आणि ओरडली, "आई, हे काय करून ठेवलंयस? सगळं बोबडं आलंय! काही दिसत नाहीये!"

मी गेले. मॉनिटरच्या वरच्या कडेला दोन बोटं लावली, त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"माझ्याकडे तर दिसतंय," मी म्हटलं.